आशियाई क्लब स्पर्धांमधील महाराष्ट्र आणि गोव्याचे फुटबॉल क्लब

आशियाई फुटबॉल महासंघाच्या (एएफसी) खंडीय क्लब स्पर्धांमध्ये महाराष्ट्र आणि गोवा या दोन राज्यांतील क्लबांनी भारताचे अनेकदा प्रतिनिधित्व केले आहे. मुंबईचा महिंद्रा युनायटेड हा क्लब २००७ मध्ये एएफसी चषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. गोव्याच्या धेंपो स्पोर्ट्स क्लबने २००८ मध्ये याच स्पर्धेची उपांत्य फेरी गाठली. २०२१ मध्ये एफसी गोवा हा एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गट फेरीत थेट प्रवेश मिळवणारा पहिला भारतीय क्लब ठरला. २०२२ मध्ये मुंबई सिटी एफसीने या स्पर्धेच्या गट फेरीत भारतीय क्लबाचा पहिला विजय नोंदवला आणि गटात दुसरे स्थान मिळवले.

या वाटचालीत खंडीय स्तरावरील प्रत्येक संधी देशांतर्गत स्पर्धेतील एका हंगामाच्या यशावर अवलंबून राहिली. आशियात खेळलेले काही क्लब पुढे बंद पडले, तर काहींनी राष्ट्रीय लीगमधून माघार घेतली. त्यामुळे एका क्लबाने मिळवलेला अनुभव त्याच क्लबाला पुढील स्पर्धेत उपयोगी पडल्याची उदाहरणे थोडी आहेत.

## पार्श्वभूमी

जगातील प्रत्येक खंडीय फुटबॉल महासंघ आपल्या सदस्य देशांतील अग्रगण्य क्लबांसाठी स्वतंत्र स्पर्धा भरवतो. युरोपात युएफा चॅम्पियन्स लीग, दक्षिण अमेरिकेत कोपा लिबर्तादोरेस, तर उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियन प्रदेशात कॉनकाकॅफ चॅम्पियन्स चषक खेळला जातो. अमेरिकेच्या मेजर लीग सॉकरमधील क्लब या शेवटच्या स्पर्धेत भाग घेतात. डी. सी. युनायटेडने १९९८ मध्ये आणि लॉस एंजेलिस गॅलेक्सीने २००० मध्ये ती जिंकली होती. त्यानंतरचे अमेरिकी क्लबाचे विजेतेपद सिअ‍ॅटल साउंडर्सने २०२२ मध्ये मिळवले. मधल्या काळात मेक्सिकोच्या क्लबांचे वर्चस्व होते. मेजर लीग सॉकरमध्ये तळाच्या संघाची खालच्या श्रेणीत घसरण होत नाही आणि इंडियन सुपर लीगमध्येही अनेक हंगाम ती होत नव्हती, त्यामुळे दोन्ही लीगच्या खंडीय कामगिरीची तुलना कधीकधी केली जाते.

आशियात क्लबांची पहिली स्पर्धा १९६७ मध्ये झाली. १९७१ नंतर ती खंडित झाली आणि १९८५-८६ मध्ये आशियाई क्लब अजिंक्यपद स्पर्धा या स्वरूपात पुन्हा सुरू झाली. २००२-०३ च्या हंगामात ही स्पर्धा, आशियाई चषक विजेत्यांची स्पर्धा आणि आशियाई सुपर चषक यांचे एकत्रीकरण करून एएफसी चॅम्पियन्स लीग अस्तित्वात आली. ज्या देशांतील क्लब फुटबॉल विकसनशील मानले जात होते, त्यांच्यासाठी २००४ पासून एएफसी चषक ही दुय्यम स्पर्धा भरवण्यात येऊ लागली. भारतीय क्लब दीर्घकाळ प्रामुख्याने या दुसऱ्या स्पर्धेत खेळत होते.

२०२४-२५ पासून आशियातील क्लब स्पर्धांची तीन श्रेणींत पुनर्रचना झाली. एएफसी चॅम्पियन्स लीग एलिट ही पहिली, एएफसी चॅम्पियन्स लीग टू ही दुसरी आणि एएफसी चॅलेंज लीग ही तिसरी श्रेणी आहे.

### मुंबई आणि गोव्यातील क्लब फुटबॉल

मुंबईत संघटित फुटबॉलची परंपरा जुनी आहे. १८९१ मध्ये सुरू झालेला रोव्हर्स चषक येथेच खेळला जात असे आणि कुपरेज मैदान हे त्याचे प्रमुख केंद्र होते. स्वातंत्र्योत्तर काळात शहरातील महत्त्वाचे संघ मुख्यतः गिरण्या, कारखाने आणि सार्वजनिक आस्थापनांचे होते. मफतलाल, टाटा, ऑर्के मिल्स, एअर इंडिया आणि महिंद्रा ही त्यांतील ठळक नावे. अशा संघांत खेळणाऱ्यांना अनेकदा त्या आस्थापनेत नोकरीही मिळत असे. संघाचे भवितव्य मात्र आस्थापनेच्या धोरणाशी बांधलेले राही.

गोव्यात फुटबॉल हा गावागावांतील लोकप्रिय खेळ आहे. तेथील मोठे क्लब उद्योजक घराण्यांच्या आश्रयाने वाढले. साळगावकर आणि धेंपो या क्लबांमागे खाण व जहाज व्यवसायातील कुटुंबे होती, तर चर्चिल ब्रदर्सची स्थापना १९८८ मध्ये आलेमाव कुटुंबाने केली. १९९८-९९ मध्ये साळगावकरने नॅशनल फुटबॉल लीग जिंकली. हे विजेतेपद मिळवणारा तो गोव्याचा पहिला क्लब होता. मडगावजवळील फातोर्डा येथील पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियम १९८९ मध्ये उभे राहिले आणि पुढे गोव्यातील आंतरराष्ट्रीय सामन्यांचे मुख्य मैदान बनले.

## पात्रतेची पद्धत

खंडीय स्पर्धेत खेळण्यासाठी क्लबाला तीन टप्पे पार करावे लागतात.

पहिला टप्पा देशाच्या वाट्याला येणाऱ्या जागांचा आहे. सदस्य देशांच्या क्लबांनी मागील हंगामांत मिळवलेल्या गुणांवरून एएफसी क्रमवारी तयार करते आणि त्या क्रमवारीनुसार प्रत्येक देशाला किती जागा मिळतील व त्या थेट गट फेरीच्या असतील की पात्रता फेरीच्या, हे ठरते. म्हणजे एखाद्या क्लबाच्या पराभवाचा परिणाम पुढील काळात त्या देशातील अन्य क्लबांवरही होतो.

दुसरा टप्पा देशांतर्गत पात्रतेचा आहे. नॅशनल फुटबॉल लीग (१९९६-२००७) आणि त्यानंतर आय-लीगचा विजेता व फेडरेशन चषकाचा विजेता यांना आशियाई प्रवेश मिळत असे. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्वालालंपूर येथे मान्य झालेल्या आराखड्यानुसार इंडियन सुपर लीगला देशातील सर्वोच्च लीगचे स्थान मिळाले. तेव्हापासून या लीगच्या साखळी टप्प्यात अव्वल राहणाऱ्या संघाला लीग विनर्स शील्ड आणि आशियातील देशाची प्रमुख जागा दिली जाते. साखळीनंतरच्या बाद फेरीतून ठरणाऱ्या विजेत्याला ही जागा मिळत नाही. सुपर चषकाच्या विजेत्यालाही आशियाई स्पर्धेच्या पात्रता टप्प्यात संधी देण्यात आली आहे.

तिसरा टप्पा क्लब परवान्याचा आहे. क्रीडाविषयक, पायाभूत सुविधा, कर्मचारी व प्रशासन, कायदेशीर आणि आर्थिक अशा पाच गटांतील निकष क्लबाने पूर्ण करावे लागतात. युवा संघ, प्रशिक्षकांची पात्रता, मैदानाची व्यवस्था, थकीत वेतनाचा अभाव आणि लेखापरीक्षित हिशेब या बाबी त्यात तपासल्या जातात. मैदानावर पात्र ठरलेला क्लबही परवान्याअभावी स्पर्धेबाहेर राहू शकतो.

## इतिहास

### एएफसी चषकाचा काळ (२००४-२०१४)

महिंद्रा युनायटेडने प्रशिक्षक डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली २००५-०६ ची नॅशनल फुटबॉल लीग जिंकली. हे विजेतेपद मिळवणारा तो मुंबईचा पहिला आणि एकमेव क्लब होय. त्या आधारे २००७ च्या एएफसी चषकात खेळताना त्याने उपांत्यपूर्व फेरीपर्यंत मजल मारली. तेथे लेबनॉनच्या नेजमेह क्लबाने त्याचा पराभव केला.

पुढच्याच वर्षी धेंपोने त्याहून पुढची पायरी गाठली. आर्मांदो कुलासो यांच्या प्रशिक्षणाखाली या क्लबाने २००४-०५ आणि २००६-०७ ची नॅशनल फुटबॉल लीग व २००७-०८ ची पहिलीवहिली आय-लीग जिंकली होती. क्लायमॅक्स लॉरेन्स, महेश गवळी, समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा हे भारतीय आणि रॅन्टी मार्टिन्स व बेटो हे परदेशी खेळाडू त्या काळातील संघाचा कणा होते. २००८ च्या एएफसी चषकात धेंपोने उपांत्यपूर्व फेरीत सिंगापूरच्या होम युनायटेडवर मात केली. उपांत्य फेरीत लेबनॉनच्या साफा क्लबाकडून तो पराभूत झाला. एएफसी चषकाची उपांत्य फेरी गाठणारा धेंपो हा पहिला भारतीय क्लब ठरला. त्यानंतर ईस्ट बंगालने २०१३ मध्ये उपांत्य आणि बंगळुरू एफसीने २०१६ मध्ये अंतिम फेरी गाठली.

याच काळात भारतीय विजेत्यांना चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीचे दारही काही हंगामांत उघडले गेले. ते ओलांडणे मात्र कोणालाही जमले नाही. धेंपोला संयुक्त अरब अमिरातीच्या शारजा आणि नंतर अल ऐन या क्लबांनी रोखले. २००८-०९ चा आय-लीग विजेता चर्चिल ब्रदर्स २०१० च्या पात्रता फेरीत अल वाहदाकडून पराभूत झाला. पात्रता फेरीत पराभूत झालेला संघ एएफसी चषकात खेळत असे.

२०१०-११ ची आय-लीग जिंकून साळगावकरने २०१२ च्या एएफसी चषकात भाग घेतला. २०१२-१३ मध्ये चर्चिल ब्रदर्स विजेता आणि पुणे एफसी उपविजेता ठरला. जानेवारी २०१४ मध्ये पुणे एफसीने चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत व्हिएतनामच्या हनोई टी अँड टी क्लबाविरुद्ध सामना खेळला व ०-३ असा गमावला. त्यानंतर हा संघ एएफसी चषकात खेळला, पण गट फेरीपुढे जाऊ शकला नाही. आशियाई क्लब स्पर्धेत पुणे शहराचे प्रतिनिधित्व करणारा तो पहिला क्लब होता.

### क्लबांची माघार

आशियात खेळलेल्या या क्लबांपैकी बहुतेकांची पुढील वाटचाल खंडित झाली. महिंद्रा समूहाने २००९-१० च्या हंगामानंतर महिंद्रा युनायटेडचा व्यावसायिक संघ बंद केला आणि शालेय फुटबॉलकडे लक्ष वळवले. आशियातील उपांत्यपूर्व फेरीनंतर अवघ्या तीन वर्षांनी हा निर्णय झाला. पुणे एफसी २०१४-१५ च्या हंगामानंतर आय-लीगमधून बाहेर पडला. त्याची अकादमी पुढे इंडियन सुपर लीगमधील एफसी पुणे सिटीकडे गेली आणि २०१९ मध्ये तो क्लबही बंद पडला.

चर्चिल ब्रदर्सला २०१४ मध्ये, एएफसी चषकात खेळल्यानंतर काही महिन्यांतच, परवान्याच्या निकषांवरून २०१४-१५ च्या आय-लीगमधून वगळण्यात आले. २०१६ मध्ये भारतीय फुटबॉलच्या प्रस्तावित पुनर्रचनेत आय-लीगला दुय्यम स्थान मिळणार असल्याच्या निषेधार्थ साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी राष्ट्रीय लीगमधून माघार घेतली. धेंपोनेही तोच मार्ग स्वीकारला. धेंपोला आय-लीगमध्ये परतण्यास २०२४-२५ चा हंगाम उजाडला.

### एफसी गोवा आणि २०२१ ची चॅम्पियन्स लीग

एफसी गोवाची स्थापना २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगबरोबरच झाली. आरंभीच्या मालकांमध्ये दत्तराज साळगावकर व श्रीनिवास धेंपो हे गोव्यातील उद्योजक आणि व्हिडिओकॉनचे वेणुगोपाल धूत यांचा समावेश होता. १९ फेब्रुवारी २०२० रोजी जमशेदपूरला ५-० असे हरवून एफसी गोवाने साखळीतील अव्वल स्थान निश्चित केले. बाद फेरीत विजेतेपद हुकले तरी, अव्वल स्थानामुळे त्याला आशियातील जागा मिळाली.

२०२१ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या गट फेरीतील संघांची संख्या ३२ वरून ४० करण्यात आली होती आणि त्या विस्तारात भारताला थेट प्रवेशाची एक जागा मिळाली. एफसी गोवाच्या गटात इराणचा पर्सेपोलिस, संयुक्त अरब अमिरातीचा अल वाहदा आणि कतारचा अल रय्यान हे संघ होते. पर्सेपोलिस हा आदल्या मोसमातील उपविजेता होता, तर अल रय्यानचे प्रशिक्षक फ्रान्सच्या विश्वविजेत्या संघातील माजी बचावपटू लॉरां ब्लाँ होते. कोविड-१९ च्या साथीमुळे गटातील सर्व सामने एकाच ठिकाणी, फातोर्डा येथे, प्रेक्षकांविना खेळवण्यात आले.

त्या काळातील नियमानुसार संघात तीन परदेशी आणि एक आशियाई देशांतील असे चारच परदेशी खेळाडू घेता येत. त्यामुळे प्रशिक्षक हुआन फेरांदो यांनी इंडियन सुपर लीगच्या २०२०-२१ हंगामात १४ गोल करणाऱ्या इगोर अंगुलोला वगळले आणि एदू बेदिया, होर्हे ऑर्तिझ, इव्हान गोन्झालेझ व आशियाई कोट्यातून ऑस्ट्रेलियाचा जेम्स डोनाकी यांची निवड केली. मैदानावरील उरलेले सात खेळाडू भारतीय असत.

१४ एप्रिल २०२१ रोजी अल रय्यानविरुद्धचा पहिला सामना ०-० असा बरोबरीत सुटला. १७ एप्रिल रोजी अल वाहदाविरुद्धही गोलशून्य बरोबरी झाली. या सामन्यांत युवा गोलरक्षक धीरज सिंगच्या खेळाची विशेष दखल घेतली गेली. २० एप्रिल रोजी पर्सेपोलिसविरुद्ध ब्रँडन फर्नांडिसच्या फ्री किकवर एदू बेदियाने हेडरद्वारे गोल केला. चॅम्पियन्स लीगच्या गट फेरीतील भारतीय क्लबाचा हा पहिला गोल होय. पर्सेपोलिसने तो सामना २-१ असा जिंकला आणि २३ एप्रिलची परतीची लढत ४-० अशी. २६ एप्रिल रोजी अल रय्यानविरुद्ध ऑर्तिझने सुरुवातीलाच आघाडी मिळवून दिली. पण सामन्याच्या अखेरीस प्रतिस्पर्ध्याने गोल केल्याने लढत १-१ अशी सुटली. २९ एप्रिलच्या शेवटच्या सामन्यात अल वाहदाने ०-२ अशी मात केली. तीन बरोबऱ्यांतील ३ गुणांसह एफसी गोवा अल रय्यानच्या पुढे, गटात तिसऱ्या स्थानी राहिला.

### मुंबई सिटी एफसी आणि २०२२ ची चॅम्पियन्स लीग

मुंबई सिटी एफसीची स्थापनाही २०१४ मधील. नोव्हेंबर २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने क्लबातील ६५ टक्के हिस्सा घेतल्याचे जाहीर झाले. २०२०-२१ च्या हंगामात सर्व सामने गोव्यात खेळवले गेले. २८ फेब्रुवारी २०२१ रोजी बांबोळी येथे साखळीतील शेवटच्या सामन्यात मुंबईने एटीके मोहन बागानला २-० असे नमवले. दोन्ही संघांचे प्रत्येकी ४० गुण झाले आणि परस्परांतील लढतींच्या निकषावर शील्ड व आशियातील जागा मुंबईकडे आली. १३ मार्च रोजी अंतिम सामन्यात त्याच प्रतिस्पर्ध्याला २-१ असे हरवून सर्जिओ लोबेरा यांच्या संघाने विजेतेपदही पटकावले.

एप्रिल २०२२ मध्ये सौदी अरेबियाची राजधानी रियाध येथे चॅम्पियन्स लीगचे गट सामने झाले, तेव्हा डेस बकिंगहॅम हे मुख्य प्रशिक्षक होते. गटात सौदी अरेबियाचा अल शबाब, संयुक्त अरब अमिरातीचा अल जझीरा आणि इराकचा एअर फोर्स क्लब (अल कुवा अल जव्विया) हे संघ होते. एअर फोर्स क्लब हा एएफसी चषकाचा तीन वेळचा विजेता असून, २०१६ च्या अंतिम सामन्यात त्याने बंगळुरू एफसीला हरवले होते.

८ एप्रिल रोजी मुंबई सिटीला अल शबाबकडून ०-३ अशी हार पत्करावी लागली. ११ एप्रिल रोजी एअर फोर्स क्लबाविरुद्ध संघ ०-१ असा पिछाडीवर होता. ७० व्या मिनिटाला दिएगो मौरिसियोने पेनल्टीवर बरोबरी साधली आणि पाच मिनिटांनी कॉर्नरवर मुंबईत जन्मलेला बचावपटू राहुल भेके याने हेडरद्वारे विजयी गोल केला. हा २-१ असा विजय चॅम्पियन्स लीगच्या गट फेरीतील भारतीय क्लबाचा पहिला विजय ठरला.

यानंतर अल जझीराविरुद्धचा एक सामना ०-१ असा गमावला, तर दुसरा ०-० असा बरोबरीत सुटला. अल शबाबने परतीच्या सामन्यात ६-० असा मोठा विजय मिळवला. २६ एप्रिल रोजी मौरिसियोच्या गोलच्या बळावर मुंबईने एअर फोर्स क्लबाला पुन्हा, १-० असे हरवले. दोन विजय व एका बरोबरीच्या ७ गुणांसह संघ गटात दुसरा आला. पश्चिम विभागातील पाच गटविजेते आणि सर्वोत्तम तीन उपविजेते बाद फेरीत जाणार होते. त्या तिघांत मुंबई सिटीचा समावेश होऊ शकला नाही. सहा सामन्यांत तीनच गोल करता आल्यामुळे बचावाच्या बळावर मिळवलेले हे यश मर्यादित राहिले.

### २०२३-२४: मैदान आणि अंतर

११ फेब्रुवारी २०२३ रोजी फातोर्डा येथे एफसी गोवाला ५-३ असे हरवून मुंबई सिटीने पुन्हा लीग विनर्स शील्ड जिंकली. या वेळी आशियातील जागेसाठी आधीच्या हंगामातील शील्ड विजेत्या जमशेदपूरशी एक पात्रता सामना खेळावा लागला. ४ एप्रिल २०२३ रोजी मंजेरी येथील तो सामना मुंबईने ३-१ असा जिंकला.

साथीच्या काळातील एकाच ठिकाणी सामने खेळवण्याची पद्धत संपल्याने या मोसमात प्रथमच भारतीय क्लबाला चॅम्पियन्स लीगचे गट सामने प्रेक्षकांसमोर, स्वतःच्या राज्यात खेळण्याची संधी मिळाली. अंधेरीतील मुंबई फुटबॉल अरिना या नेहमीच्या मैदानाऐवजी सुमारे १५० किलोमीटरवरील पुण्याच्या बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलाची घरचे मैदान म्हणून निवड झाली. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या या संकुलात आशियातील सर्वोच्च क्लब स्पर्धेचा सामना झाला, तेव्हा पुण्यात देशाच्या अव्वल लीगमधील एकही क्लब उरला नव्हता.

गटात सौदी अरेबियाचा अल हिलाल, इराणचा नसाजी माझंदरान आणि उझबेकिस्तानचा नवबहोर हे संघ होते. १८ सप्टेंबर २०२३ रोजी बालेवाडीत नसाजीने ०-२ अशी, तर ३ ऑक्टोबर रोजी उझबेकिस्तानात नवबहोरने ०-३ अशी मात केली. आशियाचे विजेतेपद चार वेळा मिळवलेल्या अल हिलालने त्या उन्हाळ्यात नेमारसह अनेक युरोपीय लीगमधील खेळाडू करारबद्ध केले होते. २३ ऑक्टोबर रोजी रियाधमध्ये अल हिलालने ६-० असा विजय मिळवला. त्यात सर्बियाच्या अलेक्झांडर मित्रोविचने तीन गोल केले. ६ नोव्हेंबरचा परतीचा सामना नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला. दुखापतीमुळे नेमार भारतात आला नाही. मुंबईने हा सामना ०-२ असा गमावला. उरलेल्या दोन लढतींतही पराभव झाल्याने सहाही सामन्यांत संघाला एकही गुण मिळाला नाही.

### नव्या रचनेतील स्थिती

२०२४-२५ च्या पुनर्रचनेत भारताला पहिल्या श्रेणीत थेट जागा मिळाली नाही. भारतीय क्लबांचा प्रवेश चॅम्पियन्स लीग टूपुरता राहिला. या स्पर्धेची पहिली जागा कोणाला मिळणार याचा निर्णय १५ एप्रिल २०२४ रोजी कोलकाता येथे इंडियन सुपर लीगच्या साखळीतील शेवटच्या लढतीत झाला. मोहन बागानने मुंबई सिटीला २-१ असे हरवून ४८ गुणांसह शील्ड जिंकली; मुंबईचे ४७ गुण राहिले. ४ मे रोजी त्याच मैदानावर अंतिम सामन्यात मुंबईने मोहन बागानला ३-१ असे पराभूत करून विजेतेपद मिळवले, तरी आशियातील जागा मोहन बागानकडेच राहिली.

३ मे २०२५ रोजी भुवनेश्वर येथे जमशेदपूरला ३-० असे हरवून एफसी गोवाने सुपर चषक जिंकला आणि चॅम्पियन्स लीग टूच्या पात्रता फेरीत स्थान मिळवले. १३ ऑगस्ट रोजी फातोर्डा येथे ओमानच्या अल सीबवर २-१ अशी मात करून मानोलो मार्केझ यांचा संघ गट फेरीत पोहोचला. गटात सौदी अरेबियाचा अल नस्र, इराकचा अल झवरा आणि ताजिकिस्तानचा इस्तिक्लोल हे संघ होते. २२ ऑक्टोबर २०२५ रोजी अल नस्र फातोर्डा येथे खेळण्यास आला. क्रिस्तियानो रोनाल्डो या संघासोबत येईल की नाही याविषयी मोठे कुतूहल होते. तो आला नाही. गोव्याचा युवा खेळाडू ब्रिसन फर्नांडिसने गोल केला, मात्र अल नस्रने सामना २-१ असा जिंकला. रियाधमधील परतीची लढत एफसी गोवाने ०-४ अशी गमावली आणि गट फेरीतच त्याचे आव्हान संपुष्टात आले.

## प्रमुख कामगिरी

| वर्ष | क्लब | स्पर्धा | मजल |
|---|---|---|---|
| २००७ | महिंद्रा युनायटेड | एएफसी चषक | उपांत्यपूर्व फेरी |
| २००८ | धेंपो | एएफसी चषक | उपांत्य फेरी |
| २०१४ | पुणे एफसी | एएफसी चषक | गट फेरी |
| २०२१ | एफसी गोवा | एएफसी चॅम्पियन्स लीग | गटात तिसरे स्थान, ३ गुण |
| २०२२ | मुंबई सिटी एफसी | एएफसी चॅम्पियन्स लीग | गटात दुसरे स्थान, ७ गुण |
| २०२३-२४ | मुंबई सिटी एफसी | एएफसी चॅम्पियन्स लीग | गटात चौथे स्थान, ० गुण |
| २०२५-२६ | एफसी गोवा | एएफसी चॅम्पियन्स लीग टू | गट फेरी |

## परदेशी खेळाडूंचा नियम आणि त्याचा परिणाम

२०२२ पर्यंत चॅम्पियन्स लीगमध्ये तीन परदेशी आणि एक आशियाई खेळाडू अशी मर्यादा होती. या नियमामुळे श्रीमंत क्लबांनाही संघाचा मोठा भाग स्वदेशी खेळाडूंमधून उभा करावा लागे. २०२३-२४ मध्ये ही मर्यादा पाच परदेशी आणि एक आशियाई अशी वाढवण्यात आली, तर २०२४-२५ पासून पहिल्या दोन श्रेणींतील स्पर्धांमध्ये ती काढून टाकण्यात आली. इंडियन सुपर लीगने मात्र २०२१-२२ पासून मैदानावरील परदेशी खेळाडूंची संख्या पाचवरून चारवर आणली. देशी खेळाडूंना अधिक संधी देणे हा त्यामागील हेतू होता.

या दोन विरुद्ध दिशांच्या बदलांमुळे भारतीय क्लब आणि पश्चिम आशियातील धनाढ्य क्लब यांच्यातील दरी वाढली. २०२१ आणि २०२२ मधील बरोबऱ्या व विजय जुन्या मर्यादेच्या काळातील आहेत, तर मुंबई सिटीचे २०२३-२४ मधील सहा पराभव मर्यादा शिथिल झाल्यानंतरचे आहेत. प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा, प्रवास आणि संघातील बदल हे घटकही या निकालांमागे होते.

## सद्यस्थिती

डिसेंबर २०२५ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि त्याचा व्यावसायिक भागीदार यांच्यातील दीर्घकालीन करार संपुष्टात आला. त्याच्या नूतनीकरणाच्या अनिश्चिततेमुळे इंडियन सुपर लीगचा २०२५-२६ हंगाम ठरलेल्या वेळी सुरू होऊ शकला नाही. एफसी गोवा त्या काळात देशांतर्गत लीगविना आशियाई स्पर्धा खेळत होता. डिसेंबर २०२५ मध्येच सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटी एफसीतील आपला हिस्सा सोडत असल्याचे जाहीर केले आणि क्लबाची मालकी पुन्हा मूळ भारतीय मालकांकडे आली.

खंडीय स्पर्धेतील जागा क्रमवारीवर, क्रमवारी निकालांवर आणि निकाल नियमित देशांतर्गत हंगामावर अवलंबून असल्याने, लीगमधील खंडाचा परिणाम आशियातील प्रवेशावरही होतो. महिंद्रा युनायटेड ते मुंबई सिटी आणि धेंपो ते एफसी गोवा या सुमारे दोन दशकांच्या वाटचालीत दोन्ही राज्यांतील क्लबांनी दुय्यम स्पर्धेतून सर्वोच्च स्पर्धेपर्यंत मजल मारली. आशियातील सर्वोच्च क्लब स्पर्धेची बाद फेरी गाठणे मात्र यांपैकी एकाही क्लबाला अद्याप शक्य झालेले नाही.